फलकावरचं नाव

आमच्या फाशीविरोधी समितीत माणसं पाच आणि कापडी फलक एकच. ‘यांना फाशी देऊ नका’ एवढं कायमचं रंगवलेलं. नावाची पट्टी बदलायची. आईनेच शिवायची, आईनेच उसवायची, असा सचिवांचा ठराव. सोमवारी आमच्यातल्याच काकूंच्या मुलाला फाशी झाली. गुरुवारी काकू वेळेवर हजर, आम्ही चौघे उशिरा. फलकापाशी नवीन आई बसलेली. तिच्या मुलाची शिक्षा कालच कायम झाली. सचिवांनी विचारलं, “मुलाचं नाव लांबलचक नाही ना? पट्टी वीतभरच.” “घरी बबड्या म्हणतो आम्ही.” “मग ‘बबड्या यांना’ असं होईल. रंगही वाचेल.” बबड्याच्या आईने दोरा ओवला. “ताई, कच्चेच टाके घालते. शिक्षा रद्द झाली की पटकन उसवता येतील.” “घाल,” काकू म्हणाल्या. “मीही तसेच घातले होते.” त्यांनी जुन्या पट्टीचा दोरा ओढला. मुलाचं नाव अलगद मांडीवर पडलं.