शेवटची खोली

दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला, त्या दिवशी त्याने तिची खोली बंद केली. त्यानंतर बापलेक दोघंही तिकडे फिरकले नाहीत.

लेक अग्निशमन कॉलेजात शिकत होती. धुरात माणूस शोधायची परीक्षा तोंडावर आलेली. घरी ती डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि भिंतीला हात लावून रांगत, कुठेतरी आडव्या पडलेल्या बापाला हुडकायची.

आज सगळं घर पालथं घालून ती बंद दाराशी थांबली.

"बाबा, ही खोली नको."

"परीक्षेतही असंच सांगणार आहेस?" बाप आतून म्हणाला.

बऱ्याच वेळाने तिने दार ढकललं. चाचपडत तिने त्याचा पाय धरला.

"सापडलात."

"मग उचल की."

"वजन कमी करा जरा," म्हणत तिने त्याला खांद्यावर घेऊन बाहेर आणलं.

दार आता उघडंच असतं. आतलं कपाट आवरायचं राहिलंय.