सोवळ्यातला प्रोसेसर

“कंपनीच्या पुस्तकाला तुमच्या मुलीचा हात कधी लागला होता?” नामदेवराव वकिलांनी विचारलं.

“कध्धीच नाही,” सीतारामराव ताठ मानेनं म्हणाले. जयलक्ष्मी काही बोलायला गेली, तर त्यांनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. थोरांच्या बोलण्यात लेकीनं तोंड घालायचं नाही, हा तंजावरातल्या त्या घराचा नियम. मग प्रोसेसर लेकीनंच का बनवलेला असेना.

साल १९९७. देशाची दारं परदेशी कंपन्यांना सताड उघडली होती आणि कंपन्यांच्या आधी त्यांचे वकील आत आले होते. जयलक्ष्मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. एका बड्या कंपनीच्या प्रोसेसरसारखाच चालणारा प्रोसेसर तिनं चार वर्षं खपून आखला. त्याचा नकाशा ती सगळ्या कॉलेजांना फुकट देणार होती. फुकट म्हटल्यावर कंपनीच्या पोटात दुखलं. नक्कल केल्याचं सिद्ध झालं, तर नकाशा जाळायचा आणि तिची नोकरीही जायची.

यातून सुटायची वाट एकच होती, आणि ती काम सुरू करतानाच धरलेली होती. प्रोसेसरची आतली रचना सांगणारं कंपनीचं पुस्तक ज्यानं वाचलं, त्यानं नकाशा काढायचा नाही. जो नकाशा काढणार, त्यानं पुस्तक बघायचंही नाही. कॉलेजातल्या प्राध्यापकांना हे समजायला महिना लागला. तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या कचेरीत तीस वर्षं नळाचं पाणी न प्यालेल्या सीतारामरावांना तत्काळ समजलं. “हें तर सोवळं!” ते म्हणाले, आणि सगळी व्यवस्था त्यांनी हातात घेतली.

थोरला मुलगा व्यंकटरमण ओवळ्यात. त्यानं ओट्यावर बसून पुस्तक वाचायचं, प्रोसेसर काय करतो एवढंच चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी उंबऱ्यावर ठेवायची. कसा करतो, ते लिहायचं नाही. जयलक्ष्मी आतल्या खोलीत, सोवळ्यात. भाऊ पाणी प्यायला आत आला तरी म्हातारा घर डोक्यावर घ्यायचा.

नामदेवरावांनी दोन तास चिठ्ठ्या तपासल्या. सगळं चोख होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते कंपनीचे वकील खरे, पण मूळचे तंजावरचेच. आपल्यातली मुलगी सुटली, याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

कापी, म्हणजे तिकडची फिल्टर कॉफी, आली.

“उगीच आपलं विचारतो,” ते म्हणाले. “गुणाकाराचा भाग सात महिने अडला होता. मग आठ दिवसांत कसा सुटला?”

“अप्पा,” जयलक्ष्मी घाबरून म्हणाली.

“तूं थांब, मा. देवीची कृपा, दुसरं काय! सरस्वतीपूजेला घरांतलीं सगळीं पुस्तकें मांडलों. पाहुण्याचा मान म्हणून कंपनीचं सगळ्यांत वर, हळद-कुंकू लावून. विजयादशमीला चालीप्रमाणें वरचं पुस्तक हिच्या हातीं दिलों, वाच म्हणून. पोरगी गुणाची. एक पान वाचायचं, तर ही सगळं वाचून काढली!”

नामदेवरावांनी कापी खाली ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं.

“पण मघाशी तुम्हीच म्हणालात, हात लागला नाही.”

सीतारामरावांना वकिलाच्या अडाणीपणाची कीव आली.

“पूजा झाल्यावर तें पुस्तक ओवळं राहतं होय?”