जागा गेली

"पूर्ण नाव सांगा की," बोटाभोवती किल्ली फिरवत घरमालक म्हणाले.

"प्रज्ञा सरवदे."

किल्ली फिरायची थांबली आणि गुपचूप सदऱ्याच्या खिशात गेली. "अरेरे, उशीर केलात हो. सकाळीच जागा गेली."

प्रज्ञाला याची सवय होती. महापालिकेच्या भेदभाव तक्रार कक्षात तिचं कामच ते होतं. तक्रार आली की भाडेकरू म्हणून त्या घरी जायचं आणि आपलं खरं आडनाव सांगायचं. तिच्याआधी लिमयेबाई तीच जागा बघून येत. दोघींची नोकरी तीच, पगार तोच. आजही अर्ध्या तासापूर्वी याच मालकांनी लिमयेबाईंना कौतुकानं गच्चीसुद्धा दाखवली होती आणि "उद्याच सामान आणा" म्हटलं होतं.

तिनं ओळखपत्र पुढे केलं. नोटीस निघेल, सुनावणीला यावं लागेल, हे नेहमीच्या आवाजात सांगितलं.

मालकांचा चेहरा खर्रकन उतरला. पण लगेच सावरून ते तोंडभर हसले. "अहो मॅडम, कॉर्पोरेशनच्या आहात हे आधी नाही का सांगायचं? तुम्हाला कोण नाही म्हणेल! ही घ्या किल्ली."

इतक्या दारांत नकार ऐकले, त्यांचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. हा होकार मात्र जिव्हारी लागला.

"परवा आडनाव ऐकून ज्या नर्सबाईंना परत पाठवलंत ना, ज्यांनी तक्रार केली, त्या खाली फाटकाशी उभ्या आहेत," ती म्हणाली. "किल्ली त्यांना द्या. त्या कॉर्पोरेशनच्या नाहीत."