आलं जास्त

आईला अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला न्यायचं, हे रजेवर कालच कॅनडाहून आलेल्या इंद्रजीतने आधीच ठरवलं होतं. कात्रजच्या टपरीपाशी त्याने गाडी थांबवली.

"काका, दोन चहा. एकात आलं जास्त, आईला तसाच लागतो."

"मला नको रे. मी चहा सोडलाय," प्रेमलाताई हळूच म्हणाल्या.

"तू? अगं, चहाशिवाय तुझे डोळे तरी उघडायचे का? ॲसिडिटी झालीय?"

"नाही रे. अंबाबाईला बोललेय. तू कायमचा घरी आलास, की मगच घेईन."

आल्याचा वास नाकात भरला. आता हा 'दोनच राहू देत, मी इथेच राहतोय' म्हणेल, असं प्रेमलाताईंना उगाच वाटून गेलं.

इंद्रजीत टपरीकडे वळला. म्हणाला, "काका, एकच करा."