गरम इंजिन

सोमवारी रीनाला भामरागडकडच्या एका गावात डाकसेविका म्हणून रुजू व्हायचं होतं. गाडीशिवाय नोकरी टिकणार नव्हती. अहेरीतल्या सुरजभाऊंच्या अंगणातली जुनी मोटारसायकल तिच्या मनात भरली.

“तू क्लच सोडतं का गाडी बेडकासारखी उडते,” आठ दिवस तिला शिकवणारा वारलूमामा म्हणाला. “निदान गाडी तरी शहाणी घे. थंड इंजिन चालू व्हाले त्रास देते, ते लपवाले विकणारा आधीच तापवून ठेवते. इंजिन थंड असंल तरच घेजो.”

रीनानं अंगणात जाऊन हात लावला. इंजिन गरम होतं.

“मी हात नाई लावला,” सुरजभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तेच. मामानं हसत स्पार्क प्लग काढून स्वतःच्या खिशात टाकला. “याच्याबिगर इंजिन सुरूच होत नाई. आता तापव म्हणा त्याले!”

तिसऱ्या सकाळी प्लग मामाच्या खिशातच होता, आणि इंजिन गरम.

मामा हसला नाही. सुरजभाऊ दारातूनच म्हणाले, “दुसरी पाहा बाई.”

पण सोमवार उद्यावर आला होता. रीनानं हँडलची उजवी मूठ धरली. ती कोमट होती, आत्ताच कुणी सोडल्यासारखी घामानं ओलसर.

डाव्या मुठीला कुणाचाच हात नव्हता. तिथला क्लच सावकाश आत दाबला गेला, आणि तितकाच सावकाश सुटला. रीनाला आठ दिवसांत एकदाही सोडता आला नव्हता, अगदी तसा.