दोन कण्यांचा बोर्ड

उत्तमरावांनी बोर्ड पालथा घातला आणि त्याच्या तळावरून सावकाश तळहात फिरवला.

माघातली पहाट नुकतीच सरली होती. जलाशयावर दाट धुके होते. मध्यभागीचे बेट आणि त्यावरचे देऊळ त्यात दिसत नव्हते. पाणी इतके निश्चल होते की काठावरच्या माणसांना स्वतःचा श्वास ऐकू यावा.

"काका, हे असं काऊन बनवलं त्यानं?" धाकटा पुतण्या गणेश म्हणाला. "बाकीच्या बोर्डाचे तळ सपाट आहेत. हा तर ढोराच्या गव्हाणीवानी पोकळ."

सहलीला येणाऱ्यांसाठी उत्तमरावांनी काठावर असे बोर्ड ठेवले होते. त्यांवर उभे राहायचे आणि एकाच लांब वल्ह्याने पाणी सारीत जायचे. हा नवा बोर्ड मात्र अश्वजितने घडवला होता. दोन्ही कडांना खाली उतरलेले दोन कणे, आणि त्यांच्या मध्ये पुढून-मागून बंद असलेली खोल कमान. पाण्यावर ठेवला की कमानीत हवा कोंडते, आणि वर उभा असलेला मनुष्य डगमगत नाही, असे त्याने विनयपूर्वक समजावून सांगितले होते.

त्या वेळी राखी तिथेच उभी होती. ती उत्तमरावांची एकुलती एक कन्या. अश्वजित धरणाखालच्या बौद्धवाड्यातील जानरावांचा मुलगा. दोन दिवसांपूर्वी दोघांनी बुलढाण्याला जाऊन नोंदणी विवाह केला. परतीच्या वाटेवर भावकीने त्यांना गाठले. राखीला घरी आणून कोंडण्यात आले. अश्वजित धरणात उडी घालून बेटाकडे पोहत गेला. तेव्हापासून दोन्ही काठांवर भावकीचा पहारा होता, आणि त्याला जिवंत सोडायचे नाही, असे ठरले होते.

"त्याच्याच बोर्डावर बसून त्याचा काळ चालला," थोरला पुतण्या भागवत हसला. "देवाचा न्याय आहे, काका."

"न्याय मले शिकवू नको बे." उत्तमरावांनी बोर्ड सुलटा केला. "बोट नेली त वल्ह्याचा खडखडाट होईन, अन् ते पोट्टं पुन्हा पाण्यात पडंन. याचा आवाज होत नाही. मी एकटाच जातो."

"आम्ही येतो न संगं."

"तुमचे लेकरं लहान आहेत. जेलात म्हातारंच माणूस बरं."

घराची लाज घरातल्या वडीलधाऱ्याने राखावी, ही रीत सर्वांना मान्य होती.

पुष्पाबाई बांधावरून अनवाणी खाली आल्या. पुतण्यांच्या देखत त्या कधी नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या नव्हत्या. आज राहिल्या.

"अवो, तिच्या कपाळाकडं त पाहा. दोन दिवस झाले, पोरीनं पाण्याचा घोट घेतला नाही."

उत्तमराव त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, "घरी जा. पोरीले न्हाऊ घाल."

पुष्पाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. पती निवर्तल्यावर स्त्रीला न्हाऊ घालतात, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्या परत फिरल्या आणि बांध चढू लागल्या.

पुतण्यांनी काकांच्या पायांना हात लावला. उत्तमरावांनी कुऱ्हाड बोर्डावर ठेवली, वल्हे उचलले, आणि पाण्याला ओरखडाही न उमटवता ते धुक्यात दिसेनासे झाले.

बराच वेळ गेला. मग बेटाच्या दिशेने एकच आर्त हाक आली आणि बगळ्यांचा थवा कलकलाट करीत उडाला. गणेशने डोळे मिटले. भागवतने मिटले नाहीत.

उत्तमराव परतले ते अतिशय संथ. जाताना पिसासारखा गेलेला बोर्ड येताना चिखलातून ओढल्यासारखा येत होता.

"लयच जड चालून राह्यला, काका," भागवत ओरडला.

"हात कापला माहा. झटापट झाली."

त्यांच्या डाव्या तळव्याला उपरणे गुंडाळले होते, ते भिजून लाल झाले होते. कुऱ्हाडीचे पातेही लाल होते. काठ अजून दूर असताना, छातीभर पाण्यातच, ते बोर्डावरून खाली उतरले आणि त्याला धरून उभे राहिले.

भागवत पाण्यात शिरला. "आना इकडं, वर ओढतो."

"हात लावू नको!" त्या स्वराने भागवत जागीच थिजला. "रक्तानं भरला आहे हा. तुमच्या अंगावर डाग नको. मीच धुतो."

"अन् मुडदा?"

"देवळामागं. दगडाखाली दाबला."

भागवत हलला नाही. त्याची दृष्टी काकांच्या मुद्रेवरून कुऱ्हाडीकडे आणि कुऱ्हाडीवरून पुन्हा मुद्रेकडे गेली.

"इश्वास नाही न तुले?" उत्तमराव शांतपणे म्हणाले. "जा, आपल्या डोळ्यानं पाहून ये. पलीकडच्या काठावरचे पोट्टेही घेऊन जा. खड्डा खोल लागंन."

"तसं नाही, काका..."

"जा म्हनलं न."

भागवत वरमला. त्याने शीळ घातली. पैलतीरावरून उत्तर आले. गणेशने कुदळ आणि फावडे बोटीत टाकले. दोघे निघाले. थोड्याच वेळात धुक्यात दुसऱ्या बोटीची वल्हीही वाजू लागली. दोन्ही आवाज बेटाकडे सरकत गेले, क्षीण झाले, आणि अखेरीस नाहीसे झाले.

काठावर आता कोणी नव्हते.

उत्तमराव थंड पाण्यात तसेच उभे होते. मग परक्या घरी आलेला पाहुणा दार वाजवतो तशी त्यांनी बोर्डावर बोटाने हळूच दोनदा टकटक केली, आणि वाकून, अतिशय अदबीने म्हणाले,

"या आता बाहेर, जवाईबापू."