टिपाडातला बर्फ

बायको वारल्यावर आबासाहेबांनी शेततळ्यातले झिंगे पहिल्यांदाच एकट्यानं काढले. ती नेहमी झिंगे आधी बर्फाच्या पाण्यानं भरलेल्या टिपाडात सोडायची. "मरणाऱ्याला कसला गं गारवा?" म्हणून आबासाहेब तिला चिडवायचे. आज त्यांनी टिपाड रिकामंच ठेवलं आणि ओल्या गोणपाटानं पाटी झाकून बारामतीचा बाजार गाठला. मासळीवाल्या मोनानं गोणपाट उचललं आणि हात झटकन मागं घेतला. "आबा, हे अजून जित्तं हायत की!" सगळी पाटी वळवळत होती. आबासाहेबांनी वाकून पाटीत पाहिलं. "पाण्याभायेर काढलं की मरत्यात न्हवं?" "व्हय, पर लई तडफडून. बर्फात लगेच गुंगी येती, असं काकी हुत्या तवा सांगायच्या." बायकोचा जीव जाईना, तेव्हा गुंगीचं इंजेक्शन द्या म्हणून आबासाहेबांनीच डॉक्टरांचे पाय धरले होते. "तोलू का?" मोनानं विचारलं. "न्हाय, पोरी. पळ, आधी बर्फ आण."